लोकल वाढलं आणि डिझेलपण वाढलं: कोल्हापूरच्या एका कँटीन किचनचं प्रकरण

पार्श्वभूमी

गोकुळ शिरगाव एमआयडीसीच्या अंगाला एक किचन आहे. बोर्ड नाही, दारात दोन छोटा हत्ती आणि क्रेटची चळत, एवढीच ओळख. ह्या प्रकरणाच्या वेळी तिथनं रोज साधारण ७०० जेवणं दोन कंपन्यांच्या कँटीनला जायची, एक तिथंच जवळ आणि एक कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत. चालवतात माझ्या मित्राची बायको, म्हणजे वहिनी. मित्र गाड्या आणि वसुली बघतो, बाकी मेनू, माणसं, खरेदी सगळा कारभार वहिनींचा. मी हिशोबाची कामं करतो, त्यांचं जीएसटी आणि बिलं माझ्याकडं असतात, त्यामुळं हे कार्बनचं, म्हणजे जेवणामागं हवा तापवणारे वायू किती निघतात ते मोजायचं लचांडपण आपसूक माझ्याच गळ्यात आलं. नावं देत नाही, आकडे गोल केलेत, बाकी घडलं तसं लिहितोय, चुका धरून.

मेनू साधा. चपात्या, भात, आमटी, एक सुकी भाजी, एक उसळ नाहीतर रस्सा, ताक. बुधवार शुक्रवार चिकन, शाकाहारी पोरांना आठवड्यातनं एकदा पनीर, आणि महिन्यातनं एकदा पगाराच्या आठवड्यात मटण, तांबडा पांढरा सकट. ह्या शेवटच्या ओळीला हात लावायचा नाही हे वहिनींनी पहिल्या दिवशीच सांगून टाकलं. बरोबरच आहे, कोल्हापुरात मटण काढून कंत्राट टिकवून दाखवा.

अडचण कुठनं आली

२०२३ च्या दिवाळीनंतर दोनपैकी मोठ्या कंपनीनं सगळ्या पुरवठादारांना एक फॉर्म पाठवला. ह्या मागचं कारण असं की शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीनं २०२२-२३ पासून शेअर बाजारातल्या वरच्या १००० कंपन्यांना बीआरएसआर नावाचा अहवाल सक्तीचा केलाय, पर्यावरण कामगार वगैरे सगळं त्यात सांगायचं, शिवाय बाहेरच्या देशातली गिऱ्हाइकं पार्ट घेताना विचारायला लागलीत की तुमचा कार्बन किती. कंपनीच्या स्वतःच्या भट्टीचा आणि विजेचा हिशोब सोपा, पण विकत घेतलेल्या गोष्टींचा जो कार्बन असतो, जो स्कोप ३ नावाच्या गटात मोजतात, तो पुरवठादाराकडनंच येणार. मग झळ खाली खाली येत आमच्या आमटीच्या पातेल्यापर्यंत आली.

फॉर्ममध्ये कामाच्या ओळी दोनच होत्या. १०० किलोमीटरच्या आतनं खरेदी किती टक्के, आणि एका जेवणामागं कार्बन किती. दोन्ही मिळून १०० पैकी १५ मार्क, आणि मार्चमध्ये कंत्राटाचं नूतनीकरण. मीटिंगमध्ये समजावणाऱ्यानं सरळ सांगितलं, लोकल घ्या, गाड्यांचं अंतर कमी होतं, कार्बन आपोआप खाली येतो. ऐकायला एकदम पटण्यासारखं, मी पण मान हलवून आलो.

वहिनी म्हणाल्या, "भावजी, आम्ही सगळं मार्केट यार्डातनंच आणतोय की, ह्याच्यापेक्षा लोकल आणि काय असतंय?"

आता खरी गोम इथंच आहे. शाहू मार्केट यार्डात घेतलेला बटाटा आग्रा इंदूरकडचा असतो, तांदूळ बऱ्याचदा छत्तीसगड आंध्रचा, तूरडाळ लातूर सोलापूर नाहीतर कलबुर्गीकडची. पामतेल इंडोनेशिया मलेशियाचं. बिल कोल्हापूरचं, माल कुठला कुठला. बिलं घेऊन बसलो तर खरं लोकल, म्हणजे दूध ताक, कोंबडी, अंडी, थोडी भाजी आणि गूळ, रुपयात मोजलं तर ३० टक्क्यांच्या आसपास निघालं.

आधी केलं, मग मोजलं

क्रम उलटा झाला हे आत्ताच कबूल करतो. मार्च जवळ आला होता म्हणून मोजायच्या आधीच आम्ही कामाला लागलो.

वहिनींचं माहेर आजरा तालुक्यात. तिथल्या बायकांचा एक बचत गट भाजी पिकवतो, वांगी, दोडका, घेवडा, कोबी, मेथी. ठरलं असं की आठवड्यातनं तीन दिवस आपला टेम्पो पहाटे जाईल, माल भरून आठला परत. भाजी खरंच झक्क होती. दोडका मोडला की कट्कन आवाज, देठ ओला, आणि यार्डातल्या मालात खालच्या थरात जी सडकी निघतात तसलं काही नाही. गट खूश, वहिनी खूश, कंपनीच्या फॉर्मवर लोकल टक्का चढला. गटाशी बोलणं झालं की उन्हाळाभर एवढी एवढी भाजी लागेल, त्यांनी त्या हिशोबानं लावण वाढवली. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं परत येणार आहे.

दोन महिन्यांनी मी डिझेलची बिलं बघितली. टेम्पो जाऊन येऊन १४० किलोमीटर पळतोय, वाटेत चढ उतार, लिटरला १४ च्या वर देत नाही, म्हणजे एका फेरीला १० लिटर. एक लिटर डिझेल जळलं की साधारण २.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे फेरीला २७ किलो. गाडीत भाजी असते सरासरी १५० किलो. किलोमागं १८० ग्रॅम.

आता आग्र्याचा बटाटा घ्या. साडेचौदाशे किलोमीटर, ट्रकमध्ये १६ टन माल, लिटरला ४ किलोमीटर. करा हिशोब, किलोमागं ६० ग्रॅमच्या आसपास येतात. म्हणजे दहापट लांबनं आलेल्या बटाट्याचा वाहतुकीचा कार्बन आमच्या माहेरच्या दोडक्याच्या एक तृतीयांश. कोल्ड स्टोरेजची वीज धरली की फरक कमी होतो हे मान्य, पण "लोकल म्हणजे आपोआप कमी" ह्या वाक्याची हवा तिथंच गेली. अंतराइतकंच गाडी किती भरलीय आणि परत रिकामी येते का हे बघावं लागतं. आमची जाताना रिकामी, येताना पाव भरलेली.

मी वहिनींना वहीत दाखवलं. त्यांनी दोनदा बेरीज तपासली, स्वतःच्या मोबाईलवर, माझ्यावर विश्वास नाही म्हणून नव्हे तर सवय म्हणून, आणि म्हणाल्या, "म्हंजे मी माहेरला जाऊन धूर सोडून यायलोय व्हय."

पूर्ण ताटाचा हिशोब

मग नीट बसलो. एप्रिल महिन्याची सगळी खरेदी किलोत काढली आणि प्रत्येक वस्तूला कार्बनचा आकडा लावला. आकडे घेतले ते जागतिक सरासरीचे, २०१८ साली जोसेफ पूर आणि थॉमस नेमेचेक ह्या दोन संशोधकांनी जवळजवळ ३८,७०० शेतांची माहिती एकत्र करून जे काढले ते. त्यात मटणाला किलोमागं साधारण ४० किलो, कोंबडीला १०, अंड्याला पावणेपाच, तांदळाला साडेचार, दुधाला ३, बटाट्याला अर्धा. त्याच अभ्यासात जगाच्या अन्नाच्या एकूण कार्बनमध्ये वाहतुकीचा वाटा ६ टक्क्यांच्या आसपास आहे. हे आकडे आपल्या मातीतले नाहीत, कमी जास्त होणार, पण कुठली वस्तू हत्ती आणि कुठली उंदीर एवढं कळायला पुरतात.

आमची बेरीज महिन्याला साधारण २९ टन आली, एका जेवणामागं १.६ किलो. आणि ह्यातला सगळ्यात मोठा हत्ती मटण नाही, कोंबडी पण नाही, तर तांदूळ. महिन्याला १८०० किलो लागतो म्हणून एकटा ८ टन. भाताच्या खाचरात पाणी तुंबलं की मातीतनं मिथेन निघतो, आणि १०० वर्षांच्या हिशोबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापवतो. त्याला तांदूळ रायपूरचा की राधानगरीचा ह्यानं काही फरक पडत नाही, खाचर कसं आहे त्यानं पडतो.

त्याखाली पीठ, कोंबडी, मग दूध ताक. गॅसचे १९ किलोचे ३८ सिलिंडर, एकाला ५७ किलो, म्हणजे दोन टनाच्या वर. वीज दीड हजार युनिटच्या वर, युनिटला सव्वासातशे ग्रॅमच्या आसपास धरली. आणि लांबनं माल आणणाऱ्या सगळ्या ट्रकांची बेरीज? अर्धा टन. २९ पैकी अर्धा. ज्याच्यासाठी एवढी पळापळ चाललेली तो आकडा दोन टक्के.

खरकट्याची बादली

हे मात्र कुठल्या फॉर्ममध्ये नव्हतं. कागलच्या कँटीनमधनं परत येणाऱ्या डब्यात भात उरलेला असतो हे सगळ्यांना माहीत होतं, एक म्हैसवाला रोज येऊन घेऊन जायचा, त्यामुळं वाया जातंय असं कुणाला वाटायचंच नाही. मी एक आठवडा काटा ठेवला. ताटातलं वेगळं, डब्यातलं वेगळं. दोन्ही मिळून नुसता भात रोज सरासरी २५ किलो. शिजलेला २५ म्हणजे कच्चा तांदूळ ९ किलो, त्याला साडेचारनं गुणा, रोजचे ४० किलो, महिन्याला एक टन. लांबच्या सगळ्या ट्रकांच्या दुप्पट कार्बन म्हैस खात होती, तेही फुकट.

कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. तिसऱ्या शिफ्टला माणसं कमी असतात पण भात पहिल्या शिफ्टच्याच मापानं जायचा, कारण कमी पडला तर कंपनीकडनं दंड, आणि उरला तर कोण विचारतंय. कंत्राटातली ती दंडाची ओळच भात वाया घालवत होती. माझं मत विचाराल तर ह्या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात उपयोगी पर्यावरणाचा निर्णय म्हणजे कंपनीच्या टाइम ऑफिसनं आम्हाला रोज चार वाजता शिफ्टचा हजेरीचा आकडा व्हॉट्सअॅपवर पाठवायला लागणं, एवढंच.

पर्याय काय काय होते

तांदळाचं आधी सांगतो. लोकल टक्क्यासाठी स्थानिक तांदूळ घ्यायचाच असं ठरलेलं. आजरा घनसाळ तांदळाला २०१६ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, वास घरभर सुटतो, पण भाव बघता तो कँटीनच्या ताटात बसत नाही, तो विषय पाच मिनिटात संपला. मग इंद्रायणी. मी म्हटलं घेऊया एकदम दहा पोती. वहिनी म्हणत होत्या आधी एक पोतं बघूया, मी भावाच्या नादात ऐकलं नाही. इंद्रायणी घरी गरम गरम ताटात वाढली तर स्वर्ग, पण ती चिकट असते, आणि ४० लिटरच्या डब्यात दाबून दीड तास बंद राहिली की गोळा होते. कँटीनमध्ये वाढप्यानं उलथनं घातलं तर भाताची वडी निघाली. पोरांनी फोटो काढून ग्रुपवर टाकले, खाली लिहिलं "आज इडली". त्या आठवड्यात बादलीचं वजन दीडपट झालं. म्हणजे लोकल तांदळानं कार्बन वाढवला. उरलेल्या पोत्यांचा दर शनिवारी मसालेभात करून संपवला, मसालेभाताला चिकटपणा चालतो.

शेवटी राधानगरीकडच्या एका गिरणीतनं मोकळा होणारा जाडसर तांदूळ मिळाला, निम्मा तो आणि निम्मा जुनाच. त्या भागात काही शेतकरी धूळवाफ पेरणी करतात, पावसाआधी कोरड्यात पेरतात, सतत पाणी तुंबवलेल्या खाचरापेक्षा तिथं मिथेन कमी निघणार असं तत्त्वात बसतं. पण गिरणीत कुणाचा भात कुणात मिसळला हे आपल्याला कळत नाही, म्हणून फॉर्मवर त्याचा एक ग्रॅमपण फायदा दाखवायचा नाही असं मी ठरवलं. मित्र म्हणाला लिही की, कोण बघायला येतंय. नाही लिहिलं.

तेलाचं. घाण्याचं शेंगतेल, इथल्याच शेंगांचं, लोकल टक्का मस्त वाढला असता. पण भाव परवडणारा नव्हता आणि कार्बन कमी होईल ह्याची खात्री नव्हती. त्यापेक्षा रश्श्यावरचा कट, म्हणजे वरचा तेलाचा थर, कमी केला. परत आलेल्या रश्श्याच्या डब्यात तळाला पाणी आणि वर बोटभर तेल तरंगत असायचं, ते आपण विकत घेतलेलं तेल होतं. महिन्याला ४० किलो तेल कमी लागायला लागलं, कुणी तक्रार केली नाही, कारण तर्री अजून लालच होती.

जळणाचं. उसाच्या चिपाडाच्या, म्हणजे बगॅसच्या ब्रिकेट आपल्या जिल्ह्यात सहज मिळतात, साखर कारखान्यांचा जिल्हा आहे. गॅसच्या जागी ब्रिकेटची भट्टी, लोकलपण आणि कार्बनपण कमी, कागदावर हा सगळ्यात भारी पर्याय होता आणि मी त्याच्या बाजूनं बरंच बोललो. वहिनींनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आमच्या चुलत्यांचं गुऱ्हाळ हुतं. जळव्याचं काम काय असतंय ते मी बघितलोय. माझ्या बायका त्या धगीत न्हाई बसणार." जळव्या म्हणजे गुऱ्हाळाच्या भट्टीत चिपाड टाकत बसणारा. राख कुठं टाकायची, धुराची परवानगी, हे प्रश्न होतेच, पण निर्णय झाला तो ह्या वाक्यावर, आणि मला वाटतं बरोबर झाला. त्याऐवजी छतावर सौर बंब बसवला, ६० डिग्रीचं पाणी थेट डाळ भाताला आणि भांडी धुवायला, डाळी रात्री भिजत, उघड्या पातेल्याऐवजी मोठे कुकर. सिलिंडर ३८ वरनं ३१ वर आले. महिन्याला ४०० किलो कार्बन आणि बंबाचे पैसे दोन वर्षात सुटतील असा अंदाज.

पनीर आणि मसूर: जिथं फॉर्म आणि हिशोब भांडले

हे जरा सविस्तर सांगतो.

पनीर आमच्याकडं पक्कं लोकल, २० किलोमीटरच्या आतलं, गोठा माहीत असलेलं. पण एक किलो पनीरला पाच सहा लिटर दूध जातं, म्हणजे किलोमागं १५ किलोच्या वर कार्बन, म्हशीच्या पोटातल्या मिथेनची कृपा. वहिनींनी सुचवलं की महिन्यातनं दोनदा पनीरच्या जागी अख्खा मसूर करूया, आपल्याकडं धाब्यावर लोक तेच मागवून खातात, पोरं नाक मुरडणार नाहीत. चवीला प्रश्न नव्हता. पण मसूर इथं पिकत नाही, मध्य प्रदेश उत्तर प्रदेशकडनं येतो, आणि कमी पडला की कॅनडा ऑस्ट्रेलियाहून. आमच्या व्यापाऱ्याच्या पोत्यावर कॅनडाच लिहिलेलं होतं.

तर गंमत बघा. अर्धं जग ओलांडून बोटीनं आलेला मसूर किलोमागं दोन सव्वादोन किलो, आणि शेजारच्या गोठ्यातलं पनीर १५ च्या वर. कार्बनच्या ओळीत मसूर जिंकतो, लोकलच्या ओळीत पनीर. फॉर्म दोन्हीला मार्क देतो आणि दोन्ही एकच असल्यासारखं धरतो.

तीन पर्याय होते. पनीर तसंच ठेवून लोकल टक्का सांभाळायचा. मसूर करायचा पण बिल कोल्हापूरच्या दुकानाचं आहे म्हणून त्याला लोकल दाखवायचं, बरेच जण हेच करतात हे नंतर कळलं. किंवा मसूर करायचा, लोकलचे मार्क गेले तर जाऊ द्यायचे आणि कंपनीला का ते लिहून कळवायचं. आम्ही तिसरा घेतला. एक पानी पत्र, त्यात दोडका आणि आग्र्याच्या बटाट्याचा हिशोब, पनीर मसूरचा हिशोब, आणि विनंती की ह्या दोन ओळी वेगळ्या मोजा. अॅडमिनच्या साहेबांनी फोन केला, म्हणाले पत्र चांगलंय, पण फॉर्म वरनं येतो.

बुधवारच्या चिकनच्या जागी अंडा रस्सा, हा प्रयोग तीन आठवडे टिकला. चौथ्या बुधवारी पंधरा वीस जण ताट न घेता उभे राहिले. शेवटी एक बुधवार चिकन, एक बुधवार अंडी, अशी तडजोड. मेनू बदलायच्या आधी युनियनच्या माणसाला एकदा चहाला बोलावलं असतं तर तो बुधवार टळला असता.

गटाच्या भाजीचं काय केलं

टेम्पोच्या फेऱ्या चुकीच्या आहेत हे कळल्यावर सरळ बंद करणं सोपं होतं. पण गटातल्या बायकांनी आमच्या शब्दावर लावण वाढवलेली. मे महिन्यात त्यांच्याकडं वांगी आणि कोबी इतका आला की आम्ही नाही घेतला तर बांधावर टाकावा लागणार. माझं म्हणणं फेऱ्या थांबवा, नुकसानीचं काहीतरी देऊ. वहिनी चिडल्या, चिडल्या म्हणजे बोलायच्या बंद झाल्या, जे जास्त वाईट. दुसऱ्या दिवशी त्यांनीच वाट काढली.

त्या भागातनं एक पिकअप रोज पहाटे मार्केट यार्डाला जातेच, चार पाच गावांचा माल भरून, आणि ती हायवेनं आमच्या दारावरनंच जाते. आमचे क्रेट त्यातच टाकायचे, गोकुळ शिरगावला दोन मिनिटं थांबून उतरवायचे. जादा किलोमीटर शून्य. ड्रायव्हरला क्रेटमागं ठरलेली रक्कम. फळं भाजीपाला २०१६ पासून बाजार समितीच्या नियमनाबाहेर आहे, त्यामुळं थेट घ्यायला कायद्याची अडचण नव्हतीच. भाव ठरला त्या दिवशीचा यार्डाचा, गटाला त्यावर थोडे सुटतात, कारण यार्डातली हमाली तोलाई वाचते. आणि मे जूनचा जादा कोबी आम्ही घेतला, लागत नसताना. त्या महिन्यात कोबीची भाजी, कोबीची पचडी, कोबीच्या वड्या, पोरांनी वहिनींचं नाव कोबीकाकू ठेवलं.

मग जुलै २०२४. पंचगंगेनं ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली, तिकडं ओढ्यावरचा पूल पाण्याखाली आणि पिकअप चार दिवस आलीच नाही. लोकल म्हणजे पुरात आपला माल सुरक्षित असं मी पत्रात लिहिलं होतं, २०१९ आणि २०२१ ला शिरोलीजवळ हायवे बंद पडून पुण्याकडचा माल अडकलेला डोळ्यासमोर होता म्हणून. ह्या वेळी उलटं झालं, जवळचाच माल पहिला बंद पडला. ते चार दिवस किचन आग्र्याच्या बटाट्यावर, कॅनडाच्या मसुरावर आणि झुणक्यावर चाललं. तेव्हापासनं आठवड्याचा कोरडा साठा आणि एक यार्डाचा व्यापारी कायम ठेवलाय, सगळी अंडी एका पाटीत ठेवायची नाहीत म्हणून.

निकाल

वर्ष संपताना महिन्याची बेरीज २९ वरनं २७ टनाच्या जवळ आली, जेवणामागं १.६ वरनं दीडच्या जरा खाली. सात टक्के. मोठा आकडा नाही. त्यात सगळ्यात जास्त वाटा वाया जाणारा भात निम्मा झाला त्याचा आणि पनीरचा, मग गॅस, अंड्याचे बुधवार, तेल. भाजीच्या वाहतुकीतनं निघालं ते नगण्य, यार्डाच्या फेऱ्या सहावरनं तीनवर आल्या तेवढंच. लोकल टक्का ३० वरनं ४५ झाला, पण तो जवळजवळ सगळा तांदूळ आणि भाजीमुळं, आणि त्याचा कार्बनशी संबंध फार कमी.

पहिल्या मार्चला, म्हणजे २०२४ ला, फॉर्मवर नुसता लोकल टक्का होता आणि कार्बनची ओळ अंदाजानं भरलेली, तरी मोठ्या कंपनीनं कंत्राट वर्षभर वाढवलं. २०२५ च्या फॉर्ममध्ये दोन ओळी तशाच होत्या, पण खाली "शेरा" म्हणून एक रकाना आला. आमच्या पत्रामुळं आला का माहीत नाही, वहिनी म्हणतात आपल्यामुळंच. मसुरानं लोकलचे मार्क गेले, तरी कंत्राट मिळालं. दुसऱ्या कंपनीचं गेलं, ताटामागं थोडक्या पैशात दुसऱ्यानं घेतलं, तिथं कार्बनचं कुणी विचारलंच नव्हतं.

परत करायचं झालं तर

पहिला आठवडा नुसती बादली मोजेन. कुठलाही पुरवठादार बदलायच्या आधी.

गटाला शब्द देताना किलो सांगणार नाही, हंगामात निम्मा माल नक्की आणि बाकी जमेल तसा, एवढंच बोलेन. कार्बनच्या चुकीची किंमत आम्ही डिझेलमध्ये दिली, पण तीच किंमत त्या बायकांना वांग्यात द्यावी लागली असती, आणि त्यांच्या वहीत तसलं नुकसान पचवायला जागा नसते. ह्या एका गोष्टीचं मला अजून वाईट वाटतं.

इंद्रायणीचं एक पोतं आणेन, आणि ते दीड तास डब्यात बंद करून बघेन, कारण घरच्या ताटात चाखून कँटीनचा तांदूळ ठरत नाही.

फॉर्म आला त्याच आठवड्यात साहेबांना विचारेन की लोकल का पाहिजे. गावाकडं पैसा जावा म्हणून पाहिजे असेल तर गटाची भाजी, राधानगरीचा तांदूळ, गूळ हे सगळं त्यात मोलाचं आहे, आणि मी स्वतः त्याच्या बाजूनं आहे. पण मग त्याला कार्बन म्हणू नका.

सध्या अडकलंय ते टेम्पोवर. दोनपैकी एक बॅटरीचा घ्यावा का ह्याचा हिशोब चालू आहे, पण ती वीज बहुतेक कोळशाची, आणि आमच्या फेऱ्याच मुळात कमी. मित्र म्हणतो घेऊया, दारात चांगला दिसेल. वहिनींनी वही मागवलीय.